मुहूर्ताचा भाव

शेवटचा साधा दिवस बुधवार होता. त्या दिवशी गुळाचा वरचा भाव एकशे एकोणपन्नास होता आणि खालचा एकशे सेहेचाळीस. हे लक्षात राहण्याचं कारण एवढंच, की मी शिकवते ती शाळा सुटल्यावर राहुरीच्या बाजारातून हे दोन आकडे घरी आणणं माझ्याकडे होतं. गहिनीकाकांच्या आडतीबाहेर फळा टांगलेला असे. दिवसातला सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा भाव त्यावर खडूने लिहीत. ते वाचायचे आणि देवळालीची एस.टी. पकडायची.

नाना, म्हणजे माझे वडील, पडवीत बसून ब्लेडने पेन्सिलीला टोक काढत होते.

"वर?"

"एकशे एकोणपन्नास."

"खाली?"

"सेहेचाळीस."

"आणि तुमची नववी?"

"ती खालीच आहे."

ते हसले आणि आकडे मांडायला घेतले. नाना निवृत्त होईपर्यंत गणित शिकवत होते. निवृत्तीनंतर त्यांना वर्ग उरला नाही, म्हणून त्यांनी बाजार घेतला. त्यांनी आयुष्यात गुळाची एक ढेपही विकली नव्हती. आईला त्यांचं हे वेड समजत नसे. ती म्हणे, "घरात चहापुरता गूळ संपलाय ते यांना कळत नाही, आणि अख्ख्या तालुक्याचा गूळ मोजतायत."

नाना भाव मोजत नसत, भावाच्या चालीतला जोर मोजत. पद्धत सोपी होती. आजचा वरचा भाव कालच्या वरच्या भावाच्या जेवढा पुढे गेला, तेवढा चढ. आजचा खालचा भाव कालच्या खालच्या भावापेक्षा जेवढा खाली घसरला, तेवढी घट. दोन्ही झालं तर मोठं धरायचं, धाकटं सोडायचं. असे मागचे चौदा बाजारदिवस घ्यायचे. सगळ्या चढांची बेरीज एका बाजूला, सगळ्या घटींची दुसऱ्या बाजूला. दोन्हींतला फरक काढायचा, त्याला दोन्हींच्या बेरजेने भागायचं आणि शंभराने गुणायचं. आलेला आकडा म्हणजे जोर. पंचविसाच्या आत असेल तर बाजार नुसता येरझाऱ्या घालतोय. चाळिसाच्या वर गेला तर तो कुठेतरी निघालाय. चढाकडे जोर असेल तर आलेखावर निळी रेघ, घटीकडे असेल तर लाल. आलेखाचे कागद एकाला एक चिकटवत नेले होते आणि पडवीच्या भिंतीवर ते दारापासून खिडकीपर्यंत पोचले होते.

अंधार पडता पडता गहिनीकाका फटफटीवरून आले. गहिनीनाथ आमच्या नात्यातले नव्हेत. नानांचे जुने विद्यार्थी, गणितात दोनदा नापास झालेले, आता बाजारातले मोठे आडते. शेतकऱ्यांचा गूळ त्यांच्या गोदामात उतरे, त्यांच्यासमोर लिलाव होई. रोज संध्याकाळी नानांचा आकडा ऐकल्याशिवाय ते जेवत नाहीत, असं काकू सांगत.

"नाना, काय म्हनतोय बाजार?"

"काही म्हणत नाही. एकोणीस."

"एकोनीस म्हंजे?"

"म्हणजे ओट्यावर बसलाय. उठेल तेव्हा कळेल कुठं जातो ते."

"आवो पन मी लोकान्ला काय सांगू? ती राहीबाई रोज येऊन डोकं खाती. तिचा फाल्गुनातला गूळ पडून हाय गोदामात. इकू का ठिवू, इकू का ठिवू."

"गहिनीनाथ, तुम्ही दहावीतही हेच करत होता. गणित न सोडवता उत्तर विचारायचं." नानांनी चष्मा काढून पुसला. "भाव चढेल की पडेल हे मला ठाऊक नाही. चाललाय तो दमानं चाललाय की रेटून, एवढंच मी सांगतो. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा."

"मंग मी नापासच."

"चहा घ्या."

त्यांनी चहा घेतला. आईने राहीबाईसाठी भोपळ्याचं बी पुडीत बांधून दिलं, कारण तिने मागे मागितलं होतं. नाना जेवताना कानावरची पेन्सिल काढायला विसरले आणि आईने ती काढून खिडकीत ठेवली. रात्री त्यांनी एक इंग्रजी पुस्तक वाचायला घेतलं आणि चार पानांत झोपले. बस्स.

दुसऱ्या दिवशी सकाळी दूध घेताना ते उंबऱ्यावर बसले. दूधवाल्याला वाटलं, चप्पल शोधतायत. डॉक्टर आले तोवर काही करण्यासारखं उरलं नव्हतं. दुधाचं पातेलं न सांडता त्यांच्या शेजारी ठेवलेलं होतं.

पुढचे दिवस असे दिवस जातात तसेच गेले. माणसं येत होती, पितृपंधरवडा होता, भटजींना वेळ नव्हता, आणि आई सगळ्यांना चहाचं विचारत होती. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी गहिनीकाका आले आणि पडवीतल्या भिंतीसमोर बराच वेळ उभे राहिले.

"ताई, हे तुमी बंद ठिवलंय."

"हो."

"मी नेऊ का? पद्धत मला येती. रोज बगून बगून पाठ झालीय."

मला त्यात आक्षेप घेण्यासारखं काही दिसलं नाही. आईने चाकूने कागदाच्या कडा सोडवून दिल्या. काकांनी ती लांब पट्टी गुंडाळून, वर धोतराचं पान लपेटून, फटफटीच्या टाकीवर आडवी धरून नेली. मागे भिंतीवर चुन्याचा एक पांढरा पट्टा राहिला. काकांनी ती पट्टी आडतीत, गादीच्या मागच्या भिंतीवर लावली. वर नानांचा शाळेतला फोटो चौकटीत बसवून टांगला, त्याला चंदनाचा हार घातला. रोज लिलाव संपला की हातपाय धुवायचे, फोटोला उदबत्ती लावायची आणि मग आकडा मांडायचा, असा त्यांनी नेम केला. हे मला त्यांनीच सांगितलं. माझा रस्ता तेव्हा बदलला होता. शाळेतून मी सरळ एस.टी. स्टँडवर जात असे.

दिवाळी आमच्याकडे नव्हती. पाडव्याला सकाळी बाजारात मुहूर्ताचा सौदा असतो. नव्या हंगामाची पहिली ढेप पाटावर ठेवतात, तिला हळदकुंकू वाहतात, नारळ फोडतात आणि तिची बोली लावतात. ही बोली बाजाराची नसते. ज्याची ढेप असेल त्याला मान द्यायचा म्हणून व्यापारी ती मुद्दाम चढवतात. दर वर्षी चार-पाच रुपये जास्त, फार तर दहा. या वर्षी ढेप नानांच्या नावाने ठेवली होती.

दुपारी गहिनीकाका ती ढेप स्वतः खांद्यावर घेऊन आले. कपड्यांना कुंकू लागलं होतं.

"वहिनी, दोनशे एक! दोनशे एक रुपये क्विंटल! आपल्या बाजारात कंदी झाला न्हाई असा भाव. नारळ फुटला आन मी म्हनलं, नाना मास्तरांच्या नावानं हाय, कुनी हात आखडायचा न्हाई. नगरवाला एकशे नव्वदला थांबला. म्या थांबलो न्हाई."

आई म्हणाली, "एवढ्या गुळाचं आम्ही दोघी काय करणार?"

"खा की. नानांचा हाय."

आम्ही तो खाल्ला नाही. ढेप कपाटात राहिली आणि तिला मुंग्या लागल्या. आईने कपाटाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. शेवटी तिने ढेप फोडून शेजाऱ्यांत वाटली.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली, त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. स्टँडकडे जाताना राहीबाई भेटली. नेवाशाच्या रस्त्यावर तिचं तीन एकर रान आहे. ऊस तिचा, गुऱ्हाळ भाड्याचं, आणि वर्षाचा सगळा गूळ गहिनीकाकांच्या गोदामात. तिने माझा हातच धरला.

"मास्तरांची लेक न्हवं तुमी? चला जरा माझ्यासंगं."

"मला गाडी आहे, राहीबाई."

"गाड्या काय, मागनं बी येत्यात. माझा गूळ काळा पडाया लागलाय. पावसात पाझरला त्यो पाझरला. आता नगरवाला एकशे चाळीस देतोय, त्यो बी आजच्या दिस. आन ह्यो बाबा म्हनतोय थांब. म्हनतोय, नानांनी थांब म्हनून सांगितलंय."

गूळ काळा पडला की घरगुती गिऱ्हाईक तो घेत नाही. मग उरतात ते दारूच्या भट्टीवाले, आणि ते मातीच्या भावाने घेतात. एवढं मलाही ठाऊक होतं. मी तिच्याबरोबर गेले.

आडतीत लिलाव संपला होता. नगरचा व्यापारी कोपऱ्यात पोत्यावर बसून पान जमवत होता. गहिनीकाकांनी मला पाहिलं आणि गादीवरून उठले.

"या ताई, या. आज कसा पाय वळला?" मग राहीबाईकडे वळून, "हिनं आनलं व्हय वढून? आगं, तुला येवढी घाई कसली झालीय? लगीन-बिगीन काढलंस काय कुनाचं?"

"माझंच काडलंय!" राहीबाई म्हणाली. "घाई मला न्हाई, गुळाला हाय. जाऊन बग त्याच्याकडं. रडतोय त्यो."

नगरवाला हसला. काका हसले नाहीत. ते भिंतीकडे वळले आणि बोटाने आलेखाची रेघ दाखवली.

"हे बग. सत्तावन्न. निळी. चढाचा जोर सत्तावन्न हाय आन तू एकशे चाळीसला इकाया निघालीस. पाडव्यापासून भाव पडतोय, मला दिसत न्हाई व्हय? पन जोर चढाचा हाय, म्हंजे परत उसळनार. नानांचा आकडा कंदी चुकला न्हाई."

मी पुढे झाले. फोटोखाली उदबत्तीचं घर होतं आणि तिची राख कागदाच्या वरच्या कडेवर सांडलेली होती. तिच्याखाली काकांच्या मोठ्या, शाळकरी अक्षरातले रोजचे आकडे. काम नीटनेटकं होतं. बेरजा बरोबर होत्या, भागाकार बरोबर होते. पेन्सिलीला टोकही चांगलं काढलेलं होतं. आश्विनातली रेघ पंधरा-वीसच्या आसपास रेंगाळत आली होती आणि पाडव्याच्या दिवशी ती एकदम सरळ वर गेली होती. त्यानंतर ती वरच होती.

"काका, हे दोनशे एक इथं का लिहिलंय?"

"मंग कुटं लिवू? पाडव्याचा वरचा भाव त्योच व्हता."

"त्या दिवशी बाकीचा गूळ कितीला गेला?"

"बाकीचा... एकशे एक्कावन्नला. त्याच्यावर न्हाई गेला."

"दोनशे एकला दुसरी ढेप कुणी घेतली?"

"दुसरी कशी घेतील? त्यो मान व्हता."

"मग तो भाव नाही."

गहिनीकाकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अमंगळ बोलले. "ताई, त्यो भाव म्या सोता बोललोय. समद्या बाजाराम्होरं. हिशेबाची पट्टी झाली, पैसं मोजून दिलं. त्यो खोटा कसा?"

"खोटा नाही. पण एक दिवस आधी वरचा भाव एकशे बावन्न होता. तिथून दोनशे एक, म्हणजे एका दिवसात एकोणपन्नासचा चढ. तुमचे चौदा दिवसांचे सगळे चढ मिळून पंचावन्न आहेत. त्यातले एकोणपन्नास त्या एका ढेपेचे."

नगरवाल्याने पान तोंडात घालायचं थांबवलं. राहीबाई म्हणाली, "म्हंजे काय वं?"

मी आडतीतला खडू घेतला आणि बाहेरचा फळा आत आणला. वर्गात उभं राहण्याची सवय असल्यामुळे मला ते सोपं गेलं. एकोणपन्नास काढले की चढाचे सहा उरतात. घटीचे पंधरा तसेच राहतात. फरक नऊ, बेरीज एकवीस. नवाला एकविसाने भागून शंभराने गुणलं. त्रेचाळीस. मी त्याच्यापुढे खाली टोक असलेला बाण काढला.

"ताई, ह्याला लाल रेघ लागंल," काका हळू म्हणाले.

"हो."

"म्हंजे पडतोय. आन रेटून पडतोय."

"आकडा तसं म्हणतो."

त्यांनी फळ्यावरची बेरीज स्वतः करून पाहिली. ओठ हलत होते. मग पुन्हा करून पाहिली. दोनदा नापास झालेल्या माणसाला आपलं गणित बरोबर आहे आणि तरी उत्तर चुकलंय, हे पटायला वेळ लागतो. ते भिंतीजवळ गेले, पाडव्याच्या आकड्यावर अंगठा ठेवला, पण तो पुसला नाही.

"ह्यो काडून टाकू? नानांचा मान हाय ह्यो. लोकांनी दिलेला. माझ्या हातानं खोडू?"

"आलेखातून फक्त."

"आलेखच तर नानांचा हाय!" त्यांचा आवाज चढला. "ताई, तुमी शिकल्यासवरल्या. तुमच्याकडं पुस्तकं हायत. माझ्याकडं ह्यो कागद हाय. रोज सांजच्याला मी इथं उदबत्ती लावतो आन इचारतो, नाना, काय म्हनतोय बाजार? आन पेन्सिल हातात घेतली की वाटतं, सांगत्यात. पाडव्याला रेघ अशी वर गेली, तवा अंगावर काटा आला माझ्या. म्हनलं, बगा, नाना खूश झालं. त्यांनी सांगितलं, थांब. मंग मी सगळ्यांना थांबवलं. एकटी राहीबाई न्हाई, धा-बारा जनांचा गूळ हाय आत."

राहीबाईने पदर तोंडाला लावला होता, पण तिची नजर गोदामाच्या दारावर होती. नगरवाला उठून उभा राहिला आणि त्याने टोपी सारखी केली. त्याला तिन्हीसांजेच्या आत निघायचं होतं.

राहीबाईचा गूळ त्याने त्याच संध्याकाळी उचलला, एकशे एकोणचाळीसला. बाकीच्यांचा पुढच्या दोन दिवसांत गेला. पंधरा दिवसांनी नवा गूळ गाड्यांनी येऊ लागला आणि फळ्यावरचा वरचा भावही एकशे वीसच्या वर टिकेना. पण हे नंतरचं. त्या घटकेला काका फोटोकडे पाहत उभे होते, आणि त्यांचा हुकूम झाल्याशिवाय गोदामाचं कुलूप निघणार नव्हतं.

"मंग नानांनी मला असं चुकीचं का सांगितलं?" त्यांनी विचारलं. मला नाही, फोटोला. आणि मग मला. "ताई, तुमीच सांगा. का सांगितलं?"

माझ्याकडे या प्रश्नाचं एक उत्तर होतं आणि ते दोन शब्दांचं होतं. ते दोन शब्द मी दीड महिना सगळीकडून ऐकत होते. दूधवाल्याने उच्चारले, डॉक्टरांनी उच्चारले, नगरच्या आत्याने दारातूनच मोठ्याने उच्चारले. आईनेही, न रडता, पोस्टमनला सांगितले. मी प्रत्येक वेळी मान हलवली. शाळेत रजेच्या अर्जावर मी घरगुती अडचण असं लिहिलं. मुख्याध्यापकांनी विचारलं, "काय, नाना...?" तेव्हा मी "हो" म्हणाले. एस.टी.त एका ओळखीच्या बाईंनी "नाना बरे आहेत ना?" असं विचारलं, तेव्हा मी खिडकीची काच वर केली आणि गार वारा येतो म्हणाले. ते ठरवून नव्हतं. तोंडात ते शब्द तयार होत नसत, एवढंच.

मी हातातला खडू फळ्याच्या कडेवर ठेवला. बोटं पांढरी झाली होती.

"त्यांनी काही सांगितलेलं नाही, काका," मी म्हणाले. "पाडव्याचा आकडा तुम्ही लिहिलात, आत्ताचा मी काढला. नाना गेले."